आत्याचा डोळा आणि माझं सचित्र पुस्तक

इंदापूर,
सोमवार, दवाखाना उघडायच्या आधी

तीर्थस्वरूप जयवंता आत्यास,

ऋषिराजचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द मी सवयीने लिहितो. या वेळी खरोखर आडवा पडायची तयारी आहे.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी प्रकृती कशी आहे, असं विचारायची रीत असते, पण तू आठवडाभर माझा फोन उचलत नाहीस. शेजारच्या बानूभाभींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आत्याबाई बऱ्या हायती, पर तुमचं नाव काढलं की शेंगा फोडायला बसत्यात.” म्हणजे माळेगावात या वर्षी शेंगदाण्याचा तोटा पडायचा नाही.

आत्या, मला लाज वाटते, हे एका ओळीत लिहून भागलं असतं. पण तुझ्या भाच्याला एका ओळीत कधी काही सांगता आलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आपल्या भागातल्या नर्सबाई आणि नवे डॉक्टर डोळ्यांच्या शस्त्रक्रिया इंग्रजी पुस्तकांतून शिकतात. त्यातले डोळे निळे, मांजरासारखे. तेव्हा आपल्या माणसांच्या काळ्या डोळ्यांचं, मराठीतलं, चित्रांचं पाठ्यपुस्तक आपणच करावं, असं मी ठरवलं. हेतू चांगला होता, एवढं तरी मान. त्याच सुमारास तू डावा डोळा दाखवायला दवाखान्यात आलीस. मी म्हणालो, पुस्तक हातावेगळं होऊ दे, मग निवांत करू. तू म्हणालीस, “तुझं काम आधी कर. मला कुठं सुईत दोरा ओवायचाय.” मग उजवा डोळाही मंदावला, तू पेपर वाचणं सोडलंस, चहात साखरेऐवजी मीठ घालू लागलीस. तो चहा मी प्यालो आणि घरी येऊन ‘मोतीबिंदू वेळेत कसा ओळखावा’ हे प्रकरण लिहायला बसलो.

चित्रं काढायला बारामतीचा नईम मिळाला. तो वाढदिवसाचे फलक आणि दुकानांच्या पाट्या रंगवतो. हात सोन्याचा, पण सवय फलकांची, त्यामुळे त्याच्या प्रत्येक डोळ्यात काजळ आणि चमक. चिमट्याने पापण्या ताणून धरलेला डोळासुद्धा वरातीला निघाल्यासारखा दिसायचा. ते काजळ पुसून घेण्यात एक पावसाळा गेला. आता गंमत अशी (ती मला आता गंमत वाटत नाही), की आम्ही डॉक्टर पेशंटच्या डोक्याशी बसतो, त्यामुळे आम्हाला डोळा उलटा दिसतो, भुवई आमच्या बाजूला. नईमने माझ्याशेजारी बसून तस्साच काढला, बरोबर काढला. पण छपाईच्या आधी त्याच्या मनाने घेतलं, की उलटा डोळा बघून लोक डॉक्टरला नावं ठेवतील. त्याने मायेपोटी सगळी चित्रं सुलटी केली, मात्र बाणांपुढची नावं होती तिथेच ठेवली. नाकाची बाजू कानाकडे गेली, वरचं खाली आलं. “एकदा बघून घ्या, डॉक्टर,” असं बजावूनच त्याने पानं पाठवली होती. मी न बघता सही केली. तेव्हा मी मोठ्या पेचात होतो: मलपृष्ठावरच्या फोटोत वाचकाकडे बघावं की दूर क्षितिजाकडे. (शेवटी क्षितिजाकडे बघितलं.)

प्रकाशनाच्या दिवशी बारामतीच्या सभागृहात काय झालं, ते तू ऐकलंस, पण दिसलं नसेल, म्हणून सांगतो. माझे गुरू दादासाहेब जगदाळे यांनी पुस्तक उघडलं, थोडा वेळ बघितलं, मग शांतपणे उलटं धरलं आणि तसंच चाळत राहिले. भाषणात एवढंच म्हणाले, “मजकूर चांगला आहे.” त्यात पडद्यावर पुस्तकातले फोटो दाखवायला सुरुवात झाली.

त्यात तुझा डोळा होता, आत्या. दवाखान्यात तपासणी म्हणून घेतलेला फोटो मी तुला न विचारता पुस्तकात घातला. नुसता डोळा घातला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण कपाळावरच्या गोंदणासकट घातला. अख्ख्या माळेगावाने ओळखला. खालची ओळ सूत्रसंचालकाने खणखणीत आवाजात वाचली: “पूर्ण पिकलेला मोतीबिंदू. रुग्ण अशिक्षित. निष्काळजीपणामुळे उपचारास विलंब.” तू पहिल्या रांगेत, नव्या इरकलीत. मी तुझ्या मागेच उभा होतो. तू मान वळवून विचारलंस, “कुणाची रं ही बाई? घरात बघणारं कुणी न्हाय का तिला?”

आणि मी म्हणालो, “आहे एक पेशंट. इंदापूरकडची.”

बानूभाभी तुझ्याशेजारी होत्या. त्यांना ते सोसलं नाही. त्या हळूच म्हणाल्या, “आत्याबाई, त्यो तुमचाच डोळा हाय.” तू कार्यक्रम संपेपर्यंत बसलीस, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्यास आणि न जेवता गावच्या चाँदभाईंच्या टेम्पोत जाऊन बसलीस. मी धावत आलो तेव्हा एकच वाक्य बोललीस: “मी सातवी पास हाय.”

हे मला ठाऊक नव्हतं का? मला मुळाक्षरं तूच शिकवलीस. माझ्या बापाला पेपर तू वाचून दाखवायचीस, आणि त्याला न कळलेला अग्रलेख समजावूनही द्यायचीस. ती ओळ लिहिताना मी तुझा विचारच केला नव्हता. सगळे असंच लिहितात, म्हणून मीही लिहिलं. आणि निष्काळजीपणा झाला होता, हे खरंच आहे. फक्त तो कुणाचा, हे छापायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळी पुस्तकं परत मागवली. नईम ‘माझ्यामुळं झालं’ म्हणून रडला. त्याला सांगितलं, सही माझी आहे. तो आता सगळे डोळे पुन्हा उलटे करतोय. तुझ्या फोटोखालची ओळ मी आधी सुधारली: “रुग्ण सातवी पास. भाचा डॉक्टर.” मग वाटलं, ओळ सुधारून काय होतंय. फोटोच काढून टाकला.

तुझा (नात्याने भाचा, शिक्षणाने डॉक्टर, बाकी काय ते तू ठरव),
ऋषिराज

ता. क. खरं मागणं हे आहे: गुरुवारी डोळा करून घे. दादासाहेब स्वतः इंदापूरला येऊन करणार आहेत. माझ्यावर विश्वास राहिला नसेल, हे गृहीत धरून मी फक्त तुझ्या पायाशी उभा राहीन.

ता. क. दुसरा. प्रकाशक म्हणतात, शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा असे तुझे दोन्ही फोटो घातले तर पुस्तकाला शोभा येईल. मी त्यांना साफ नाही म्हणालो. मग म्हणालो, विचारून बघतो. तर विचारतोय. शिवी दिलीस तरी ते उत्तरच धरीन.

ता. क. तिसरा. हे पत्र पाकिटात घालत असताना तुझी भाचेसून स्वरूपा म्हणाली, “ज्या बाईला तुमच्यामुळं वाचता येत नाही, तिला पत्र पाठवताय?” म्हणून पत्र टपालात टाकलं नाही, स्वतःच घेऊन आलोय. आत्तापर्यंत बंद दाराबाहेरून हे पत्र वाचणारा जो आवाज ऐकत होतीस तो बानूभाभींचा नव्हता, हे तू केव्हाच ओळखलं असशील. कडी काढलीस तर आत येतो. नाही तर ओट्यावर बसून पुन्हा पहिल्यापासून वाचतो.