गज टाकलास का, बाये

न्हाई बाबा, बंदूक माझी न्हाई, नातीची हाय. या वयात मी कशाला बंदूक धरू, मला पाण्याचा तांब्या बी जड होतोय. तुमी उगंच भुवया वर करू नका. हे गेल्यापासनं मी लातूरला लेकीकडं राहून राहिले, आन् लेकीची पोरगी तिथं एका क्लबात नेमबाजी शिकती. रिवॉल्वर असतंय तिच्या हातात. तुमच्या ठासणीच्या बंदुकीपुढं ठिवलं तर म्हशीपुढं करडू दिसंल. मी तिला म्हणले, याच्यानं रानडुक्कर पडतंय का गं? ती म्हणली, आज्जी, कागदावरचा गोल पडतोय. मी म्हणले, कागद काय तुझ्या आज्याची जवारी खाऊन राहिला का? हसली लई. तुमच्यासारखीच हसती, आवाज न्हाई, नुसते खांदे हलतेत.

परवा दुपारी मला बी घिऊन गेली क्लबात. तिथले सर परवाना काढून रिकामी काडतुसं परत भरतेत, सरावासाठी. ही नवीनच शिकून राहिली. एका लाकडी फळीला भोकं, भोकात पितळंच्या रिकाम्या पुंगळ्या उभ्या, जशी पोरं शाळंत प्रार्थनेला. शेजारी इवलासा काटा, सोनाराकडं असतो त्याच्याहून नाजूक. सर तिला सांगून राहिले होते की पुस्तकात या बारुदीचा जो सगळ्यात खालचा आकडा दिलाय, तिथून सुरू करायचं. मनानं त्याच्या खाली बी जायचं न्हाई आन् मनानं वर बी न्हाई. मंग जरा जरा चढायचं, दर पायरीला थांबून पुंगळी बघायची, हाताला धक्का किती बसला ते बघायचं. आन् बारुदीचा डबा बदलला की परत पहिल्या पायरीवर. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "नवी बारूद आन् नवी सून, आधी थोडं थोडंच बोलावं." सर वळून बघाय लागले. म्हणले, आज्जी, हे तुमाला कुणी शिकवलं?

कुणी शिकवलं ते तुमाला म्हाईत हाय. किनवटाकडचं आपलं गाव, मागं सागाचं रान, पुढं आपली तीन एकर. लायसनाची बंदूक गावात दोघांकडंच होती. दर साली तालुक्याहून बारुदीची नवी पिशवी आणली की तुमी त्या दिवशी शेतात दुसरं काम करत न्हव्हता. वेळूच्या पेराचं ते माप, तुमीच कापलेलं, आतून घासून गुळगुळीत केलेलं. पहिल्यांदा अर्धंच माप. बंदूक बाभळीच्या बेचक्यात बांधायची, बंदुकीच्या खटक्याला दोरी लावायची, आन् आपण दोघं बांधाच्या मागं आडवं पडून दोरी वढायची. मंग बोटाच्या चिमटीनं थोडी वाढवायची. परत बांधाच्या मागं. मला लई कंटाळा यायचा. मी म्हणायची, बाबा, तवर डुकरं जेवून हात धुऊन जातील. एकदा तुमचं ध्यान न्हाई असं बघून मी चार चिमटी जास्त टाकल्या, आवाज मोठा यावा म्हणून. तुमी माप हातात घेतलं, नुसतं जोखलं, आन् सगळं परत पिशवीत वतलं. मारलं न्हाई. म्हणला, "बाये, थट्टा माणसासंग कर. बारुदीसंग न्हाई. तिला हसायला येत न्हाई."

आई गेल्यापासनं भाकरी तुमीच थापायचे. गावातल्या बाया पदर तोंडाला लावायच्या, की बघा, हा बाप्या परातीपुढं बसलाय. तुमाला काही वाटत न्हव्हतं. पीठ बी मापून, मीठ बी मापून. आन् तुमची भाकर अशी गोल की मी म्हणायची, चंद्राला लाज वाटंल, जरा येडीवाकडी करा. डाव्या हातावर पीठ फिरवायचा तुमी. तो डावा हात आठवतो मला. पाच बोटांचा.

आन् पानाची गोष्ट बी तुमचीच. बंदूक भरली की नळीच्या तोंडात पळसाचं पान गुंडाळून खोचायचं, म्हंजी ज्यानं खुंटीवरची बंदूक काढली त्याला कळावं की पोटात बार हाय. पान न्हाई म्हंजी रिकामी. पण तुमी पानावर बी थांबत न्हव्हता. तुमी म्हणायचे, डोक्यापेक्षा पान खरं, पानापेक्षा गज खरा. लोखंडी गजावर तुमी कानशीनं खूण केलेली. रिकाम्या नळीत गज खुणेपर्यंत आत जायचा. भरलेली असली की खूण चार बोटं वरच राहायची. भरायच्या आधी दर वेळी गज टाकायचाच.

त्या दिवशी तुमच्या अंगात ताप होता. रातभर शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून आला होता, डुकरं आली न्हाईत. पहाटं बार काढला का न्हाई, ते तुमालाच नीट आठवत न्हव्हतं. दिवस कलायच्या आत जेवून परत जायचं म्हणून तुमी चुलीपुढं बसला, हात पिठात. म्हणला, "बाये, बंदूक काढ खुंटीवरची, गज टाकून बघ." मी काढली. जरा येळानं तुमी मान न वळवता इचारलं, "गज टाकलास का, बाये?" मी म्हणले, "हाव." "रिकामी?" "हाव, रिकामी." तुमी भाकर उलटली. जेवलो आपण. तुमी हात धुऊन, मापानं बारूद घातली, ठासली, छर्रे घातले, परत ठासलं, दाराशेजारच्या पळसाचं नवं पान तोडून खोचलं, आन् गेला.

पुढचं सगळ्या गावाला म्हाईत हाय. जवारीच्या कडंला दिवसाउजेडीच डुक्कर दिसलं, तुमी पान काढून टाकलं, बंदुकीला ठिणगीची टोपी चढवली आन् खटका वढला. नळी तुमच्या डाव्या हातापाशी फाटली. एका बारावर दुसरा बार. तीन बोटं त्या रानातच राहिली, शोधली पण गावली न्हाईत. तुमाला बैलगाडीत घालताना डोक्यावरचा पटका सुटला, आन् त्याच्या मागच्या पदरात पळसाचं पान खोवलेलं निघालं. आदल्या दिवशीचं, सुकत आलेलं. गाडीजवळच्या एका म्हाताऱ्यानं ते बघून मान हलवली. तापात हाय बिचारा, भरलेल्या बंदुकीचं पान सोताच काढलं आन् सोताच खोवून इसरला. सगळे तेच म्हणले.

पोलीस जमादार आला तवा तुमी दवाखान्यातनं नुकतेच आला होता, हात फडक्यात. त्यानं इचारलं, गज टाकून बघितला न्हव्हता का? मी दाराच्या आड उभी. तुमी एकदा माझ्याकडं बघितलं. मंग त्याच्याकडं बघून म्हणला, "टाकला होता की सायब. मीच टाकला. तापाच्या डोळ्यानं खूण चुकली." फाटकी बंदूक तुमी त्याच्याच हातात दिली. त्या दिवसापासनं भाकरी मी थापाय लागले. पहिली भाकर तव्यावर फाटली. तुमी म्हणला, "असू दे. चंद्राला बरं वाटंल." मी हसले न्हाई बाबा. तुमाला वाटलं आसंल पोरीला थट्टा कळली न्हाई.

लगीन होऊन चाकूरला निघाले तवा तुमी माझ्या हातात ते वेळूचं माप दिलं. म्हणला, मीठ मोजाय कामा यील. दोन बोटांच्या चिमट्यात धरलं होतं. सासू म्हणली, काय आंदण दिलंय बापानं, बांबूचा तुकडा. मी म्हणले, आत्याबाई, याच्यात तुमची जीभ मावंना, न्हाईतर तीच मोजली असती. लई बोलणं खाल्लं त्या दिवशी. पण मीठ त्याच मापानं घातलं, चाळीस साल. हे जेवताना म्हणायचे, तुझ्या हाताला मीठ कसं कधी चुकत न्हाई. मी म्हणायची, बापाचं माप हाय. त्याच्या पुढचं त्यायला बी सांगितलं न्हाई. तोंडापर्यंत यायचं, मंग मी काही तरी चावट बोलायची आन् ते हसायचे.

तुमी गेला तवा मी उशाला होते. पाणी मागितलं, दिलं. वाटलं आता इचारतील. तुमी म्हणला, जावई कवा येणार हाय. एवढंच. एकदा बी इचारलं न्हाई तुमी मला, ते पान पटक्यात कसं आलं.

परवा नातीनं पन्नास पुंगळ्या भरल्या. सर म्हणले, आता दर पुंगळीत बॅटरीचा उजेड टाकून बघ. चिमूटभर बारूद तळाला बसती, वरून परत एकदा पडली तर बाहेर सांडत न्हाई, कळत बी न्हाई. आन् एकाच्या डोळ्यानं बघू नको, दोघांच्या बघ. पोरीनं बॅटरी माझ्या हातात दिली. "आज्जी, तुझं ऑपरेशन झालंय, तुला माझ्यापेक्षा साफ दिसतंय. बघ." मी बघितल्या. एकेक. मंग परत पहिल्यापासनं. मंग परत. पोरगी म्हणली, आज्जी, दात मोजून राहिलीस का त्यांचे? आन् मंग फळी उचलता उचलता, मान न वळवता, तिनं इचारलं, "बघितलंस ना गं?"

हाव म्हणता येईना मला, बाबा. एवढासा शबुद. मी म्हणले, माझ्यावर इसवासू नको, तूच अजून एकदा बघ. तिला वाटलं आज्जी थट्टाच करून राहिली.

हे तिच्याच वहीच्या पानावर लिहून राहिले. टाकायचं कुठं, तुमच्या गावाला टपाल जात न्हाई. घडी घालून वेळूच्या मापात ठिवते, मीठ दुसऱ्या वाटीनं घालंन. तुमी जमादारापुढं माझ्याकडं बघितलं तवा तुमाला कळलं होतं का न्हव्हतं, हे मला अजून म्हाईत न्हाई. पण माझं मला म्हाईत हाय. गज मी टाकलाच न्हव्हता. नळीत पान होतं, भरलेली हाय हे मला कळलं होतं. तेच पान मी तुमच्या पटक्यात मागनं खोवलं, आन् हसू दाबत हाव म्हणले. तुमी भरायला बसला की सांगणार होते. पण जेवण झाल्या झाल्या मी शेजारच्या पोरींना बोलवाय पळाले, चला, माझ्या बाबाच्या डोक्याला पान फुटलंय म्हणून. आमी बांधावर पोचलो तवा तुमी नेम धरला होता आन् पान पटक्यावर हलत होतं. तुमी खटका वढला तवा मी हसून राहिले होते.