पाण्याला गेलेली बाई

आई, आपला सिनेमा सापडला. दिवाळीच्या सुट्टीत मारुतीच्या देवळापुढे दरवर्षी लागायचा तोच, धनगराच्या पोराचा. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने सीडी काढून दिली आणि विचारलं, "लावायचं यंत्र आहे का घरी, की नुसती पूजेत ठेवणार?" मग यंत्रही त्यानेच विकलं.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा चेहरा आठवायचा तर मला त्या देवळापुढच्या पटांगणातूनच जावं लागतं. दोन बांबूंना ताणलेला पडदा, पुढे पुरुषमाणसं, पडद्याच्या मागच्या बाजूला बायका आणि लहान पोरं. आपल्याला सगळं उलटं दिसायचं. धनगराचं पोर डावखुरं आहे असंच मी समजत होतो. काका पुढून हाक मारायचे, "बायकांत काय बसतुयास रं?" पण तुझ्या मांडीजवळची जागा मला सोडवत नसे. पोर रुसून घर सोडतं, त्याची आई उंबऱ्यात बसून वाट बघते, आणि नेमका तिथे तुझा तळहात माझ्या डोळ्यांवर येतो. उटण्याचा वास येतो त्याला. हात निघतो तेव्हा उंबरा रिकामा असतो.

"ती कुठं गेली?"

"पाण्याला गेलीया. यील."

पोर परत येतं, घरभर हाका मारतं, सिनेमा संपतो. ती येत नाही. बायका पोती झटकून उठतात, तरी मी पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतो. वर्षभर वाटायचं, यंदा येईल. पुढे कळत्या वयात काय ते कळलंच. पण इतकं जीव तोडून मी नंतर कशाचीच वाट पाहिली नाही. देवापुढे बसतो तेव्हाही नाही.

काल तिन्हीसांजेला दिवा लावला आणि कर्वेनगरच्या या घरात तुझ्या नातीला शेजारी घेऊन बसलो. तिने तुला पाहिलेलं नाही. तुझा फोटो एकच, लग्नातला, त्यातही मान खाली. या सिनेमातून तरी तू तिला भेटावीस एवढीच इच्छा होती. सिनेमा म्हणशील तर साधाच निघाला, डोंगर पुठ्ठ्याचे, मेंढ्या जेमतेम. ती मोबाइलमध्ये होती. मग तो उंबरा आला आणि माझा हात आपोआप तिच्या डोळ्यांकडे गेला.

"बाबा, काय करतोयस? दिसू दे की."

मीही तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. भयंकर काही नव्हतं. बाई चौकटीला टेकून बसते, मान कलते, बस.

मी तिला तुझा हात सांगितला, पाण्याचं सांगितलं. तिने मोबाइल बाजूला ठेवला.

"म्हणजे आजी दरवर्षी हे एकटीच बघायची?"

माझ्या हे कधी मनातही आलं नव्हतं. मला अंधारात ठेवून तू तेवढा वेळ डोळे उघडे ठेवून बसत होतीस, आणि नंतर आवाज हलू न देता पाण्याचं सांगत होतीस.

"आणि वर थापा मारायची," ती म्हणाली.

"हो."

"भारी होती रे."

सिनेमा संपला, ती ताटं घ्यायला उठली. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगतो. सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी शेवटच्या पाट्या सरेपर्यंत मी जागचा हललो नाही. म्हटलं, यील.