हाडांची नावं आणि पत्ते

सू सेंट मेरी, मिशिगन
रविवार, २७ जुलै १९८६

प्रिय आयलास,

पाण्यावरच्या बायकोला जमिनीवरच्या नवऱ्याचा नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? डाव्या हातावरचा चटका बरा झाला का? बोटीच्या जिन्यावर गुडघा कुरकुरतो का? कॅप्टनसाहेबांची भूक आवरली, की अजून तुझ्या हातचा ब्लूबेरीचा केक दिसला की बोट चालवायचं दुसऱ्यावर सोपवतात? माझी तब्येत उत्तम आहे. वजन नऊ पौंडांनी उतरलं आहे, पण ते अभ्यासाने उतरलं की तुझ्या मावशीच्या स्वयंपाकाने, हे हिल्मामावशीच्याच तळघरात बसून लिहिणं बरं नाही. पत्रास कारण म्हणशील तर काही विशेष नाही. तू धक्क्यावरून फोन करतेस तेव्हा आपल्याला तीन मिनिटं मिळतात आणि तुझ्यामागे दहा खलाशी रांगेत खाकरत असतात. मागच्या वेळी ती तीनही मिनिटं मी आपल्या घरच्या पाण्याच्या बंबाच्या गळतीवर घालवली. बंब अडीच महिने गळतो आहे, तो आणखी आठवडाभर गळला असता. फोन ठेवल्यावर मला बोलायचं होतं ते सगळं आठवलं. निदान त्यातलं थोडं तरी चालत्या बोटीला गाठणाऱ्या डेट्रॉइटच्या डाकबोटीने तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून हे लिहितो आहे. (दोरीच्या बादलीतून पत्र वर ओढताना हे भिजलं, तर ओल्या अक्षरांना मी रडलो असं समजू नकोस.)

आपला करार तुझ्या लक्षात असेलच, तरी पुन्हा लिहितो. बावीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला सगळं दोनदा सांगायची सवय लागते, कारण पहिल्यांदा कुणाला ऐकूच येत नाही. खाण बंद झाली, तू शाळेच्या खानावळीतून उठून लोखंडाची माती वाहणाऱ्या बोटीवर दुय्यम आचारी झालीस, आणि घर चालवायला लागलीस. मी नर्स व्हायचं ठरलं. (रोजगार कचेरीतल्या बाईंनी हे सुचवलं तेव्हा मी हसलो होतो. तू हसली नव्हतीस.) नर्सिंगच्या कॉलेजाची अट अशी, की सप्टेंबरच्या आत शरीररचना आणि रसायन या दोन विषयांत निदान ‘बी’ हवा. ‘बी’ मिळाला तर प्रवेश, आणि प्रवेश मिळाला तर जानेवारीत बोटी थांबल्या की तू उतरायचं ते कायमचं. आपल्याकडच्या कॉलेजात हे विषय उन्हाळ्यात नसतात म्हणून मी दीडशे मैलांवरच्या या कॉलेजात आलो, हे तुला माहीतच आहे. तेव्हा सध्या तुझ्या-माझ्यामध्ये दोनशे सहा हाडं उभी आहेत, आणि बाटल्यांतली आम्लं वेगळीच.

इथे उन्हाळ्यात दोन्ही विषय एकच बाई शिकवतात, मिस ट्रुडेल. वय सव्वीस. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, “खिडकी ती मागची, तीच बसत नाही नीट.” मी सुतार नसून विद्यार्थी आहे, हे सांगण्याआधी मी खिडकी बसवून दिली (बिजागरीचा एक स्क्रू सैल होता, बस), त्यामुळे ओळख चांगली झाली. माझ्या टेबलाला जोडीदार म्हणून टॅमी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आहे. ती दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठातली. तिथे रसायनात आपटली, आणि इथे सोपं असतं असं तिला कुणीतरी सांगितलं म्हणून उन्हाळ्यापुरती आली. इथे सोपं नसतं हे कळल्यापासून ती च्युइंगगम चावत माझ्याकडे असं बघते की जणू मीच तिला ते सांगितलं होतं. पण पोरगी मनाची चांगली आहे. थेंब थेंब आम्ल सोडून रंग बदलायची वाट पाहण्याचा जो प्रयोग असतो, त्यात माझा हात खाणकामगाराचा पडतो. मी नळी फिरवली की थेंबाऐवजी धारच येते आणि सगळं गर्द गुलाबी होतं. “काका, एक थेंब म्हणजे एक थेंब. पिंप नाही,” असं म्हणून ती नळी हातातून काढून घेते. चार वेळा मी प्रयोगाला हजर नव्हतो, (ट्रकने दगा दिला, त्याची बॅटरी आता म्हातारी झाली) तेव्हाही तिनेच मला आपली वही उतरवून घ्यायला दिली.

घरी हिल्मामावशींचं निराळंच. त्यांना वाटतं मी डॉक्टरच व्हायला आलो आहे. शनिवारी सौनाची वाफ घेऊन आल्या की खुर्चीवर पाय पसरून म्हणतात, “जावईबापू, बघ बरं, हा गुडघा काय म्हणतोय.” मी आपला पाठ केलेलं सांगतो, की ही जी वाटी आहे तिला पटेला म्हणतात. “नाव कोण विचारतंय? दुखायचं थांबव,” म्हणतात, आणि मला मांस-बटाटा भरलेली पास्टी वाढतात, तीही अर्धीच, कारण दुखणं थांबलेलं नसतं. परवा शेजारणीपाशी माझ्यादेखत म्हणाल्या, “बायको बोटीवर रांधते आणि नवरा वहीत हाडं काढतो. आमच्या वेळी उलटं होतं, पण दोघं एका छपराखाली होती.” मावशींच्या जिभेला हाड नाही हे शास्त्राने सिद्धच आहे, तरी मला ते लागलं. मी खाली येऊन शंभर हाडं एका दमात म्हटली आणि एकशे एकाव्याला अडकलो.

आता मुख्य फजिती. मागच्या बुधवारी हाडांची तोंडओळख, म्हणजे परीक्षा होती. खोलीभर पन्नास टेबलं, प्रत्येकावर एक हाड, हाडावर कुठेतरी लाल टाचणी. टाचणी जिथे आहे त्या जागेचं नाव लिहायचं, वेळ एक मिनिट, मग घंटा, की पुढच्या टेबलाला. संगीत खुर्चीच समज, फक्त खुर्च्या नाहीत आणि संगीत म्हणजे ती घंटा. पहिली दहा मी धडाधड लिहिली. अकराव्यावर खुब्याच्या हाडाची वरची कड होती. आयला, मला ती पाहताक्षणी ओळखू आली, पण लॅटिन नाव काही येईना. घंटेला वीस सेकंद राहिले, तेव्हा कागद कोरा सोडायचा नाही एवढ्याच निश्चयाने मी लिहिलं: जिच्यावर बायको कपड्यांची टोपली टेकवते ती. घंटा झाली. पुढे मनगटातलं वाटाण्याएवढं हाड. लिहिलं: पावाचं पीठ रेटताना टेबलावर टेकतं ते. मग खवाट्याची आतली कड: जिथे तिचा स्वतःचा हात पोचत नाही आणि ‘जरा वर, आणखी वर’ म्हणते तिथे. एकदा गाडी उताराला लागल्यावर काय थांबते? गळ्याखालच्या हासळीपाशी मी लिहिलं की चर्चमध्ये पाद्रीबाबा लांबले की तिचं बोट इथे असतं. घोट्यापाशी बर्फावर पडलीस त्या हिवाळ्याचं सालसुद्धा लिहून आलो. बाहेर आलो तेव्हा टॅमीने माझ्या उत्तरांचा कागद जाता जाता पाहिला होता. म्हणाली, “काका, तुम्ही हाडं पाठ करताय की बायको?”

शुक्रवारी मिस ट्रुडेलनी मला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर माझा कागद. त्या तो वाचत होत्या आणि मी बावीस वर्षं फोरमनसमोर उभा राहिलो तसा टोपी हातात घेऊन उभा होतो. (टोपी नव्हती. वही होती.) मग म्हणाल्या, “मिस्टर कांगस, हे नाव नाही. हा पत्ता आहे.” मी म्हटलं, “पण बाई, पत्ता बरोबर असला की पत्र पोचतं ना?” त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे पाहिलं, मी बसवली होती तिच्याकडे. मला वाटतं त्या हसत होत्या, पण नक्की सांगता येत नाही. मग प्रत्येक पत्त्याला अर्धा गुण दिला. अशी बारा अर्धी मिळाली. आणि पुढचं मात्र त्यांनी चष्मा चढवून सांगितलं. शेवटच्या परीक्षेत पत्ते चालणार नाहीत, नावंच लागतील. तिथे चांगलं झालं तरच ‘बी’ जमेल. आणि प्रयोगाला किंवा परीक्षेला आणखी एकदा जरी गैरहजर राहिलो तर दोन्ही विषय गेले, मग त्यांच्याही हातात काही नाही. “तुमच्या ट्रकला नीट समजावा,” म्हणाल्या.

तर अशी मजा चालली आहे. मी रोज पहाटे पाचला उठून नावं घोकतो. घोकता घोकता एक गोष्ट कळली ती लिहून टाकतो, कारण समोर असतीस तर मी बंबावरच आलो असतो. घर चालवायला तू गेलीस तेव्हा मी लोकांना सांगत होतो की ठीक आहे, एप्रिल ते जानेवारी, बघता बघता जातात. बघता बघता काही जात नाहीत. दोन हंगाम झाले, मी अजून पलंगाच्या माझ्याच बाजूला निजतो आणि सकाळी कॉफी दोन कप होईल एवढीच करतो. दुसरा कप मीच पितो, पण तो गार झाल्यावर. मला तुझी फार आठवण येते, आयला. हे फोनवर मागे दहा खलाशी असताना सांगायचं नव्हतं.

स्वतःला जप. तव्याजवळ लांब बाह्या घालत जा. थोरल्या आचाऱ्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी तुला पुढच्या हंगामाचं विचारलं तर कांद्याने डोळ्यांत पाणी आलं आहे असं सांगून वेळ मारून ने.

तुझा,
रेनो

ता. क. हिल्मामावशी विचारतात, वेलदोड्याच्या पावात तू अंडी किती घालतेस. मला वाटतं त्यांना माहीत आहे, पण तुझं पत्र यावं म्हणून विचारतात.

दुसरा ता. क. ट्रक ठणठणीत आहे. बॅटरी मार्चमध्येच नवी घातली.

तिसरा ता. क. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. हे दोन्ही विषय उन्हाळ्यात आपल्या घरापासून बारा मैलांवरच्या कॉलेजातही शिकवतात. तिथली फीसुद्धा कमी आहे. पण तिथून लॉक दिसत नाही, तुमच्या बोटी वर-खाली करणारा तो दारांचा पाण्याचा हौद. इथल्या कॉलेजातून पायी अर्ध्या तासावर तो आहे, आणि फळ्यावर खडूने येणाऱ्या बोटींची नावं लिहितात. सकाळी तिथून जाताना तुमच्या बोटीचं नाव दिसलं की मी प्रयोगाला जातच नाही. चार प्रयोग असे गेले, आणि तीन वेळा तुम्ही माझ्या सुट्टीच्या वेळात आलात, उपकार झाले. मी कठड्यापाशी ओहायोहून आलेल्या एखाद्या जाडजूड कुटुंबाच्या मागे उभा राहतो, म्हणजे तुमच्या खलाशांपैकी कुणी ओळखून तुला सांगायला नको. बोट आत येते, मागचं दार लागतं, वीस मिनिटं ती हाताच्या अंतरावर उभी असते, आणि तू एकदाही बाहेर आली नाहीस. एकदा दालचिनीचा वास आला. शेजारची बाई म्हणाली, “बोटीवर कुणीतरी काहीतरी भाजतंय वाटतं.” मी म्हटलं, “माझी बायको.” तिने मुलांना जवळ ओढून घेतलं. आणि एकदा मागच्या कठड्यावर निळ्या पट्ट्यांचे टॉवेल वाळत होते, मधोमध घडी आणि दोन्ही चिमटे एकाच टोकाला. असे टॉवेल वाळत घालणारी बाई जगात एकच आहे. मी वीस मिनिटं त्या टॉवेलांकडे पाहत होतो. पाणी उतरत गेलं आणि ते माझ्या डोळ्यांसमोरून उतरून पायांच्या खाली गेले. हाक मारली नाही, कारण तू विचारलं असतंस, “रेनो, आत्ता तुझा तास असेल ना?” आणि तास होताच.

चौथा ता. क. पत्रास कारण की, तुमच्या फेऱ्या मी मांडून पाहिल्या. शुक्रवारी, आठ ऑगस्टला सकाळी तुम्ही इथून खाली उतरणार. त्या दिवशी पाच मिनिटं डेकवर ये. ओव्हनमधलं जळलं तर जळू दे, एक दिवस खलाशी करपलेलं खातील. काही बोलायला नको, नुसती उभी राहा.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं. माझी शेवटची परीक्षा त्याच शुक्रवारी आहे, दहा ते बारा. बोट दहाच्या आधी आली तर बाहेर ये. बारानंतर आली तरी ये. मधल्या वेळात आली तर मात्र येऊ नकोस, आयला. कठड्यापाशी मी नसेन.