घोड्याचे मागचे पाय

३ ऑक्टोबर १९५७

आता कोकोच्या डब्यावरही विगोचा फोटो! सकाळी दुकानात गेलो तर फळीवर ओळीने विगोच विगो, दात काढून माझ्याकडे बघतायत. दुकानदारीण म्हणते, "तुम्ही आमच्या विगोच्या नाटकात असता ना? एरवी कसा आहे हो तो?" आमच्या विगो! अख्ख्या डेन्मार्कचा तो सगा, आणि मी कोण – तर 'बटलर करतो तो'. कोको न घेताच परत आलो.

घरी बायको, कार्ना, म्हणाली, "मग दुधात काय घालू? तुझा राग?"

५ ऑक्टोबर

पेपरात आलं. एक नोव्हेंबरला विगो ब्राम्सनला रंगभूमीवर चाळीस वर्षं पूर्ण! खेळ संपल्यावर पडद्यापुढे सत्कार, लॉरेलच्या पानांचा मोठा हार, भाषणं, मग मेजवानी. पानभर मजकूर – बेकरीवाल्याचा पोरगा, गरिबी, पहिला सिनेमा, सगळं आहे.

चाळीस वर्षांपूर्वी त्या पहिल्या रात्री ओडेन्स गावच्या रंगमंचावर त्याच्याबरोबर आणखी एक जण होता, ते मात्र नाही. मुलांचं नाटक होतं, त्यात घोडा होता. विगो पुढचे पाय, मी मागचे. मी त्या कातड्याखाली त्याच्या कमरेला धरून घामाने निथळतोय, आणि विगोने नुसती मान हलवली तर लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं! तोंड घोड्याचं होतं, त्याचं नव्हे. तरी टाळ्या त्यालाच.

तेव्हापासून मी मागचे पायच आहे. तो सिनेमात दूधवाला झाला, सायकलवरून शीळ घालत गेला, आणि सगळा देश शीळ घालायला लागला. त्याच सिनेमात मी दार उघडून बाटली आत घेतो. हात दिसतो फक्त.

म्हणजे माझीही चाळीस वर्षं त्याच दिवशी भरतात. जळतो मी, हो, जळतो! इथे तरी कशाला खोटं लिहू? एकदाच कुणीतरी मला माझ्या नावाने पडद्यापुढे बोलवावं. मग मेलो तरी चालेल.

११ ऑक्टोबर

रंग लावताना आरशातून विगो म्हणाला, "हेर्लुफ, तुझा काळा कोट आहे ना अजून? बटलरचा नव्हे रे, तुझा स्वतःचा. पहिल्या तारखेला इस्त्री करून आण." का? याच्या मेजवानीत ट्रे फिरवायला?

"आणि तोवर पोट जरा कमी कर. फोटोत आधी तेच येतं."

सगळे हसले. मीही हसलो. काय करणार!

१२ ऑक्टोबर

कोट काढून पाहिला. कसर लागलीय. बरं झालं.

१७ ऑक्टोबर

कार्ना फोनवर कुजबुजत होती. मला बघून पटकन ठेवला. "कोण?" "बहीण." बहिणीला ही कधीपासून अहोजाहो करायला लागली? विचारलं नाही. उगाच नसता फाटा फुटायचा.

संध्याकाळी बघतो तर कोट घेऊन रफू करत बसलेली. म्हटलं राहू दे. "तू गप्प बस," म्हणाली.

२२ ऑक्टोबर

थिएटरच्या दारवानाने अडवलं. "काय हेर्लुफ, पहिल्या तारखेला काय विशेष?" मी म्हटलं, माझं काय विशेष असणार? "नाही, आपलं सहज," म्हणाला आणि गालात हसला. कीव! दारवानसुद्धा कीव करतो माझी!

तिथल्या तिथे ठरवलं. लोक विसरले म्हणून कुणी आलं नाही, आणि मी नको म्हटलं म्हणून कुणी आलं नाही – दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात इज्जत राहते. तडक पेपरच्या कचेरीत गेलो आणि जाहिरात दिली. 'अभिनेते हेर्लुफ राउन यांना १ नोव्हेंबरला रंगभूमीवर चाळीस वर्षे होत आहेत. कोणीही दखल घेऊ नये, ही नम्र विनंती.'

वाढदिवसाला पाहुणे टाळायला अशी जाहिरात सगळेच देतात. एकदा ही ओळ छापली की आपल्याकडे सख्खा भाऊ फूल पाठवत नाही की शेजारी जिन्यात 'अभिनंदन' म्हणत नाही. कचेरीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "किती साधे आहात हो तुम्ही!" कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

२८ ऑक्टोबर

आली छापून. कार्नाने वाचली आणि काळ्या पावाचा तुकडा ताटलीत परत ठेवला.

"मला विचारलं नाहीस?"

"त्यात काय विचारायचं?"

"गाढवा," म्हणाली, आणि रडायलाच लागली. विगोच्या मेजवानीला मी जाणार नाही, म्हणजे तिचंही राहिलं, म्हणून असेल. सगळ्यांना विगोच हवा!

२९ ऑक्टोबर

जिन्यात कुणी बोललं नाही. थिएटरात सगळे नजर चुकवतात. आधी तरी कुठे बघत होते म्हणा!

विगो माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. "ते पेपरातलं तूच दिलंस?"

"मीच. मला नाही आवडत असला तमाशा. ज्यांना आवडतो त्यांनी करावा."

"बरं," म्हणाला. कोटी नाही, चिमटा नाही. झोंबलं वाटतं!

१ नोव्हेंबर

झाला एकदाचा सत्कार. सगळं थिएटर उभं. मी विंगेत, बटलरच्या कोटात. मॅनेजरचं भाषण दोन मिनिटांत आटोपलं, कागद मधूनच उलटवला त्याने. विगो मधोमध उभा नव्हता, चांगला हातभर डावीकडे. शेजारी नुसती रिकामी जागा! इतकी वर्षं पडद्यापुढे उभा राहतोय आणि मध्य कुठे ते कळत नाही.

आणि हाराची फीत! लाल-पांढरी, एका टोकाला सोनेरी झालर, आणि दुसरं टोक कात्रीने तिरकं कापलेलं. एवढा मोठा नट आणि फीत अर्धी! मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मेजवानीलाही थांबला नाही म्हणे. डोकं दुखतंय म्हणाला. नखरे, दुसरं काय!

कार्नाला घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही.

२ नोव्हेंबर

कार्ना रागावलीय. हेरिंग मासा ताटात आपटते आणि जाते.

४ नोव्हेंबर

तिची समजूत काढायला शेवंती घ्यावी म्हणून कोपऱ्यावरच्या क्रूसेबाईंच्या फुलांच्या दुकानात गेलो. नाव सांगितलं तर बाई बघतच राहिल्या.

"तुम्हीच का ते! अहो, दोन हार होते. एकाच फितीला बांधायचे, मध्ये तोडायचं नाही, असं ब्राम्सनसाहेबांनी तीनदा बजावलं होतं मला. म्हणाले, घोडा एकच होता. पडद्यापुढे जाताना या खेपेला हेर्लुफ पुढे चालेल आणि मी मागे. मग तुमची जाहिरात आली. स्वतः आले, मी कात्री उचलली तर म्हणतात, थांबा जरा. बसले तिथे बादलीशेजारी. मग म्हणाले, कापा, त्याला नकोय."

आणि म्हणाल्या, "तुमचा आत गारव्यात ठेवलाय. टाकवला नाही मला. न्यायचाय का?"