दोर माझ्या कमरेला

प्रिय गजू,

तू गेल्याला दुसरं वर्ष चालू आहे आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहितोय. तुझ्या जहाजावरचा सोबती परवा पत्ता शोधत आपल्या बोथ गावी, माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात आला होता. आलेल्या तारेत 'अपघातात मृत्यू' एवढंच होतं. गावानं धरलं, तू बुडालास. मीही धरलं. पण मनात खटकायचं, बासरला गोदावरी पोहून जाणारा माझा भाऊ बुडेल कसा?

तुझी सगळी पत्रं मी तारखेनं लावून ठेवली आहेत. एकात तू लिहिलं होतंस, 'दादा, समुद्राले भिऊ नको. इथं माणूस पाण्यानं कमी मरते. दोर तुटून फटका बसते, शिडीवरून पाय घसरते, नाहीतर बंद टाकीतली हवा घेऊन जाते.' मी उलट टपाली विचारलं, दोर किती जाडीचा असतो? टाकीबद्दल काहीच विचारलं नाही. काऊन नाही विचारलं?

तसली हवा तर आपल्या ओळखीची होती. आपलं ज्वारीचं पेव, जमिनीतलं ते दोन पुरुष खोल कोठार. उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं, मग पेटता कंदील सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. त्या वर्षी मी पुस्तकं मागवून, कोणाच्या हाताखाली न राहता पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकलो होतो. मला सगळं कळत होतं. "कंदील कायले पाहिजे? सुपानं वारा घातला ना मी, हवा बदलली," म्हणालो आणि उतरलो. तळाला पाय टेकल्याचं आठवतं. पुढचं नाही.

तू अठराचा होतास. श्वास रोखून खाली गेलास, दोर माझ्या कमरेला बांधलास, लोकांनी मला ओढून घेतलं. मग तोच दोर पुन्हा सोडला आणि तू वर आलास. मी डोळे उघडले तर तू हसून राह्यला होतास. "काय दादा, सुपाची हवा मानवली का?"

त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत मी ती गोष्ट सांगितली. शेवट ठरलेला, "माझा भाऊ इचार करत बसला नाही." तू मान खाली घालून ऐकायचास. उतरताना तुझ्या कमरेला दोर नव्हता, हे मी एकदाही बोललो नाही.

सोबत्यानं सगळं सांगितलं. बरेच दिवस बंद असलेली, पाण्याची रिकामी टाकी. लोखंड गंजता गंजता आतला प्राणवायू खातं. काल पुस्तकात ताडून पाहिलं, खरं आहे. एक खलाशी उतरला आणि शिडीच्या पायथ्याशी कोसळला. श्वास घ्यायचं यंत्र आणायला माणूस पळाला. साहेब ओरडले, थांबा. तू थांबला नाहीस.

"वो बोला," सोबती खाली बघत म्हणाला, "मेरा भाई भी ऐसेही गिरा था. मैं साँस रोक के निकाल लाया."

टाकी आपल्या पेवाच्या कितीतरी पट खोल होती, गजू. यंत्र आलं तोवर तुम्ही दोघंही गेला होतात.

तुला त्या शिडीवर माझ्या शाबासकीनं उतरवलं का रे? तू पेवाशी थांबला असतास, तर हे लिहायला मी उरलो नसतो. मग रागावू कोणत्या तोंडानं? तरी रागावतो. थोडं थांबायचं होतंस.

दुपारी दुकानात एकटा असलो की अजून वाटतं, एसटीडी बूथवाला हाक मारेल, भावाचा फोन आहे म्हणून. मी धावत जाईन आणि तू आधी तेच विचारशील, "दादा, जेवला का?"

पुढच्या आठवड्यात पेव उघडायचं आहे. कंदील मी सोडीन, आणि विझला तर पेवाच्या तोंडाशी आडवा बसेन. ती गोष्टही सांगेन, पण सुपापासून. आधी माझी चूक. शेवटी शाबासकी नाही. शेवटी एवढंच सांगेन की उतरणाऱ्याच्या कमरेला दोर नव्हता, आणि मी वर आल्यावरही ते कधी बोललो नाही. हा माझा शब्द.

तू वर काढलेला,
तुझा दादा