दुसऱ्या अंकातला विराम

गोपीपुरा, सुरत
बुधवार, ११ फेब्रुवारी

चि. झंखना,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं कळायला मार्ग नाही, कारण तू फोन उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून आपोआप आत येतं, म्हणून पत्र.

बाचे गुडघे कुरकुरतात, बाकी ती ठणठणीत. यंदा ज्वारीचा पोंक फार गोड निघाला. तुझ्या वाटचा मी खाल्ला.

आता मुद्द्याचं. तुझा सिनेमा लागून महिना होत आला तरी गावाला दुसरा विषय नाही. 'मागल्या दाराचा वर' हे बाचं नाटक ज्यांनी पाहिलं होतं ते बोलतात, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं ते जास्त बोलतात. काल लोचोच्या दुकानात शेजारच्या हंसामासी म्हणाल्या, "तरु, तुझी बहीण दिसते छान हो. पण पद्माबेनचा तो विराम कुठाय? नायिका कढी चाखते, स्वयंपाकी म्हणून आलेला आपलाच माणूस आहे हे ओळखते, आणि बोलतच नाही. मी तर तेव्हा रुमाल चावला होता." हंसामासी तेव्हा बिलिमोऱ्याला पाचवीत होत्या. पण माझ्या तोंडात लोचो होता, म्हणून वाचल्या.

नेटवरची प्रेक्षकांची मतं तू वाचत असशीलच. 'आईच्या नखाची सर नाही.' 'विराम गाळून सिनेमावाल्यांनी नाटकाचं काळीज काढलं.' 'नायिका स्वयंपाक्याला ओळखते आणि लगेच बोलायला लागते, हिला काय बस पकडायची होती?' या गर्दीत तुझी बाजू घेणारा एकच प्राणी आहे. नाव 'सुरती प्रेक्षक'. तो लिहितो, 'नवी नायिका उत्तम पूर्णविराम जुनी नाकात बोलायची पूर्णविराम जुनीचं रडणं कांद्याचं होतं, नवीचं खरं आहे पूर्णविराम'. ठिपका देत नाही, शब्दच लिहितो. मला वाटलं ही मुंबईची काहीतरी नवी ऐट असेल.

इथवर मी हसले. मग परवा त्याने लिहिलं, 'त्या विरामात कला नव्हती पूर्णविराम भावनगरला प्रॉम्प्टर छोटुभाईंना डुलकी लागली आणि बाई वाक्य विसरली पूर्णविराम टाळ्या पडल्या म्हणून पुढे तेच चालू ठेवलं पूर्णविराम'.

झंखना, हे माहीत कुणाला? छोटुभाई गेले. स्टेजवर पातेलं ढवळत उभे असलेले रसिककाका आता कुणाला ओळखत नाहीत. उरलो आपण तिघी. बा स्वतःबद्दल असं लिहिणार नाही. मी लिहिलं असतं तर जरा बऱ्या भाषेत लिहिलं असतं. म्हणजे राहिलं कोण?

गावही तेच म्हणतं. मुलीने पैसे देऊन आईची निंदा लिहून घेतली. एका सांध्यदैनिकाने तर तुझं नाव न घेता, फक्त तुझा फोटो टाकून बातमी दिली. तो अंक मी बाच्या हाती लागू दिला नाही. आणि आता बावीस तारखेच्या बाच्या सत्काराला येणार नाही असं तू आयोजकांना कळवलंस. 'जे गाव मला असली मुलगी समजतं, तिथे पाय ठेवणार नाही' म्हणे. वाक्य छान आहे. पण मला ते पळून जाणाऱ्याचं वाटलं.

खरं सांग. तूच ना?

शुक्रवार

काल कुरियरवाल्याचं दुकान बंद होतं, म्हणून पाकीट घरीच राहिलं. बरंच झालं.

माझा एक संशय तुझ्यावर होता, दुसरा बावर. तो मी वर लिहिला नाही, कारण लिहायची भीती वाटत होती. हल्ली बा दुपारची रिक्षा करून एकटीच ठाकोरजींच्या हवेलीत जाते. परवा परत आली तेव्हा मी विचारलं,

"दर्शन झालं?"

"झालं."

"या वेळी?"

"या वेळी गर्दी नसते."

"दारं बंद असतात बा, म्हणून नसते. राजभोग झाला की चारपर्यंत ठाकोरजी झोपलेले असतात."

"तू वकिलीण कधी झालीस?" असं म्हणून ती कपडे बदलायला गेली.

जन्मभर हवेलीत जाणाऱ्या बाईला ठाकोरजींच्या झोपेची वेळ आठवू नये? रसिककाकांचंही असंच सुरू झालं होतं. मी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली. मग तिची साडी घडी घालायला उचलली, तर निऱ्यांतून मक्याच्या लाह्या पडल्या. हवेलीच्या प्रसादात मी त्या कधी पाहिलेल्या नाहीत.

आणि काल दुपारी मी स्वयंपाकघरात होते, बा बाहेर झोपाळ्यावर. तिला कुजबुजता येत नाही हे तुला माहीतच आहे. तिची कुजबूजही शेवटच्या रांगेसाठी असते. ऐकू आलं ते असं:

"नवी नायिका थांबत नाही, कारण तिला वाक्य पाठ आहे. पूर्णविराम." मग, "अरे मूर्खा, शब्द कशाला लिहितोस, ठिपका दे. ठिपका. पूर्णविराम."

मी दारातून पाहिलं. फोन तोंडासमोर धरून ती त्याला मजकूर सांगत होती आणि मधेच झापत होती. सुरती प्रेक्षकाच्या त्या मतात 'अरे मूर्खा'सुद्धा छापून आलंय. संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणांना ते आवडलं होतं.

तिला न विचारता तू तिची भूमिका घेतलीस तेव्हा ती म्हणाली होती, मी हा सिनेमा बघणार नाही. शब्द मोडणं तिला जमत नाही. म्हणून दुपारच्या खेळाला पद्माबेन जात नाहीत, सुरती प्रेक्षक जातो. तिला वाटतं ती तुला वाचवतेय. गावाने तिच्याच शब्दांचा दगड तुझ्या हातात ठेवलाय, हे तिच्या गावीही नाही.

मी कितीतरी वर्षं सदर लिहितेय. गाव हसतं, काही लोक भांडायला येतात. बाने आजवर एका ओळीवर बरं म्हटलं नाही की वाईट. तुझ्यासाठी मात्र ती या वयात फोनशी भांडायला शिकली. मला राग आला, हे लिहून टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही. आणि सिनेमा लागला त्याच आठवड्यात विराम गाळल्याबद्दल माझ्या सदरातही एक चिमटा आला होता. तो तू वाचलास. म्हणून फोन उचलत नाहीस. हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं, बातम्या मात्र मी पोंकाच्या दिल्या.

आता जे खरं सांगायचं ते. काल जेवताना बाने विचारलं,

"बावीसला माझ्या हातात माईक देणार ना?"

"सत्कार तुझा, म्हणजे देणारच. का गं?"

"लोकांना एक गोष्ट सांगायची राहिलीय."

"कुठली?"

"घरीच सांगितली तर हॉलमध्ये कोण येईल? कढी वाढ."

कोणती गोष्ट, ते तुलाही कळलं असेल. त्या विरामासाठी लोक आजही उभे राहून टाळ्या देतात. तिच्याकडे शाली आहेत, तबकं आहेत, पण लोकांनी जपलेलं एवढं एकच आहे. तेही ती भर सभेत सांगून टाकणार, प्रॉम्प्टर झोपला होता म्हणून. का, तर तुला कुणी त्यावरून बोलू नये. आणि ते ऐकायला तू तिथे नसणार. तू येणार नाहीस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुझ्या खोलीतली गादी तिने उन्हात घातलीय.

मला तिला थांबवता येणार नाही. मी तोंड उघडलं की मला कळलंय हे ती ओळखेल, आणि मग साफ नाकारेल. तुला समोर पाहून ती कदाचित गप्प बसेल, कदाचित बोलेल. दोन्ही चालेल. सगळ्या सभेत तुला शोधत बोलली, तर ते मला पाहवणार नाही.

संपादक मागे लागलेत की सुरती प्रेक्षक कोण ते शोधून लिहा. मी सांगितलं, सापडला नाही. या हंगामातली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या हाती लागलीय आणि ती फक्त या पाकिटात जाणार आहे. बुधवारचं पान फाडावंसं वाटलं होतं. फाडत नाही. मी तुझ्यावर संशय घेतला, तो माझ्याच अक्षरात तुझ्याजवळ असू दे, पुढे भांडताना उपयोगी पडेल.

ये. तिला काही विचारू नकोस. ती म्हणेल, मी तुझा सिनेमा पाहिला नाही. तू म्हण, बरं केलंस.

बावीस तारखेला पहिल्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून कुणालाही बसू न देणारी,

तुझी मोटीबेन
तरु