ऐकू न आलेला फोन

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील आणि कदाचित तसंच बाजूला ठेवून देशील. ठेवलंस तरी चालेल, फक्त फाडू नकोस. तुझा पत्ता मी तुझ्या नवऱ्याकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तीनदा नाही म्हणाला, चौथ्यांदा मी अगदीच गयावया केली तेव्हा दिला. सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता बसलोय तर हात अवघडतोय. दिवसभर कळफलक बडवणाऱ्याचं अक्षर कसं होतं ते तू बघतेच आहेस.

माझं बरं चाललंय. डोक्यावरचे केस जवळजवळ संपले. तुझी वहिनी म्हणते, बरं झालं, सकाळी आरसा लवकर मोकळा होतो. एका चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमची कंपनी आहे, माणसं सात. इंटरनेटवरून फोन करायचे प्रोग्राम आम्ही बनवतो. तू म्हणशील, यात बनवायचं काय, फोन लावायचा आणि बोलायचं. पण बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन यंत्रांना आपसात निरोप द्यावे लागतात: बोलायचंय, इकडे घंटी वाजतेय, उचलला, ठेवतो. या निरोपांची एक भाषा ठरलेली आहे आणि ती कुणाच्या मालकीची नाही. कुणीही वाचावी, कुणीही वापरावी. ती नीट पाळली की आमच्या प्रोग्रामवरून भलत्याच कंपनीच्या फोनवरसुद्धा बोलता येतं. आमच्या मालकांना नेमकं हेच नको होतं. आपली भाषा आपण ठरवू, म्हणजे आपली गिऱ्हाइकं आपल्याच गोठ्यात राहतील, असं त्यांचं म्हणणं. मी दोन महिने त्यांच्याशी भांडलो. तुला खरं वाटणार नाही. घरात कधी आवाज न चढवणारा तुझा दादा टेबलावर हात आपटून सांगत होता की मी बंद दाराचा फोन बनवणार नाही.

मालकांना मी कारणं तांत्रिक सांगितली. माझं कारण वेगळं होतं. त्या खुल्या भाषेच्या कागदपत्रांत मला एक सोय सापडली होती. बोलण्याचा रस्ता एकदा उघडला की त्याच्याच शेजारून अक्षरंही पाठवता येतात. आपण संदेश लिहितो, वाचून बघतो, मग पाठवतो, तसं नाही. बोट पडलं की ते अक्षर त्याच क्षणी पलीकडे उमटतं. अडखळलं तर अडखळणं दिसतं, खोडलं तर खोडणं दिसतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला समोरच्याचं बोलणं चालू असताना कळतं. कुणीतरी कुठेतरी बसून हे नीट लिहून ठेवलं होतं आणि जगाला असंच देऊन टाकलं होतं. ते वाचलं तेव्हा मला आई दिसली.

आईला ऐकू येत नाही, धाकटे. हे आजकालचं नाही, पुष्कळ वर्षं झाली. मलासुद्धा उशिरा कळलं. ग्रंथालयाच्या काउंटरवर तिची सगळी नोकरी झाली. तिथे सगळे कुजबुजूनच बोलतात, त्यामुळे ओठ बघून बोलणं ओळखायची तिला सवय होती. पुढे कान उतरत गेले तसं ती कानांचं काम डोळ्यांकडून करून घ्यायला लागली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. पाठमोऱ्या माणसाशी बोलायची नाही. शेजारच्या काकूंशी जिन्यात नाही, उजेडात उभं राहून गप्पा मारायची. आपल्याला वाटायचं, आई आता मन लावून ऐकते, वयाने मऊ झाली. फक्त फोनला ओठ नसतात. फोनवर ती आवाजाच्या चढउतारावरून अंदाजाने हो, बरं, छान म्हणायची. कानाला यंत्र लावायचं म्हटलं तर म्हणायची, मी काय म्हातारी झालेय? शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, आठ-दहा वर्षं आधी यायला हवं होतं. यंत्राने आता तिला आवाज येतो, शब्द येत नाहीत.

तर मालकांशी झालेलं भांडण माझ्या युक्तिवादाने सुटलं नाही. एका दवाखान्याला चौकशीच्या खिडकीसाठी असा फोन हवा होता की ऐकू न येणारे पेशंटही घरून बोलू शकतील, आणि त्यांची जुनी यंत्रंही चालली पाहिजेत. खुल्या भाषेशिवाय ते होणार नव्हतं. मालक मला म्हणाले, तुझ्या नशिबाने काम आलंय, आता करून दाखव. पहिले चार महिने आपल्या काना-मात्रांनी माझा जीव खाल्ला. इंटरनेट जरा मंद झालं की वाटेत एखादं अक्षर गळतं. इंग्रजीत अक्षर गळलं तर शब्द तरी ओळखू येतो, आपल्याकडे मात्रा गळली की अर्थच बदलतो. आमच्याकडे चाचणी करणारी एक मुलगी आहे. फोनमध्ये डोळ्याची पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी तिला कळतो, म्हणून तिला आम्ही कानसेन म्हणतो. तिने एकदा ‘मी येते’ लिहिलं आणि माझ्याकडे ‘म यत’ आलं. मग प्रत्येक वेळी नवं अक्षर पाठवताना मागची दोन-तीन अक्षरंही पुन्हा सोबत धाडायची, म्हणजे एक हरवलं तरी दुसरं पोचतं, अशी व्यवस्था केली. हीसुद्धा माझी हुशारी नाही, त्याच कागदपत्रांत लिहिलेली होती. मी फक्त आपल्या लिपीला ती शिकवली.

कानसेन म्हणाली, आपण सगळे ऐकणारे, आपली चाचणी खोटी. ज्याला खरंच गरज आहे त्याच्या हातात द्या. म्हणून मी आमच्या फोनचं एक यंत्र घरी आणलं. आई स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत, मध्ये भिंत. मी फोन लावला. तिच्या पडद्यावर दिवा लुकलुकला, तिने घेतला. मी आवाजातही बोलत होतो आणि लिहीतही होतो.  मग एकेक अक्षर उमटायला लागलं: ‘तू खरंच बाहेर बसलायस का?’ मी हो लिहिलं. ती उठून दारात आली, मला बघितलं, परत जाऊन बसली आणि लिहिलं: ‘बरं. आता सांग, आज डबा का उरला?’

त्यानंतर तीन आठवडे तिने मला कामाला लावलं. ऑफिसात फोन करून विचारायची, मालकांचा पारा आज कुठवर चढलाय, कानसेनचं लग्न ठरलं का. वहिनीच्या माहेरच्यांची नक्कल अक्षरांत करायची, आणि मी टेबलावर डोकं ठेवून हसायचो. इतकी बोलकी आई मी विसरूनच गेलो होतो. ती गप्प झाली त्याला वयाचं कारण आपण किती सहज चिकटवून टाकलं होतं.

मग एका शनिवारी दुपारी, ती आत भाजी निवडत होती आणि मी बाहेर, अक्षरं आली: ‘धाकटीकडे असलं काही असेल का?’ मी लिहिलं, माहीत नाही. ती लिहीत राहिली. तिने जे लिहिलं ते मी जसंच्या तसं देतो, कारण मी ते त्याच वेळी कागदावर उतरवून घेतलं. ‘तिचा शेवटचा फोन आला होता तेव्हा मला काही ऐकू आलं नव्हतं. आवाज तिचा आहे एवढंच कळलं. लग्नानंतर वर्षभराने पहिल्यांदा फोन केला होता तिने. मला इतका आनंद झाला होता. काय म्हणाली असेल रे? तुला कधी काही बोलली का?’

इथे मला तुझ्याशी खरं बोललं पाहिजे. तुझा तो शेवटचा फोन आला त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आईने मला दारातच सांगितलं होतं, धाकटीचा फोन आला होता, मजेत आहे. तिचा चेहरा उजळला होता. म्हणून त्याच रात्री तुझा निरोप आला, ‘मी यापुढे फोन करणार नाही, का ते तिलाच विचार’, तेव्हा मला वाटलं तुझ्या लग्नावरूनचं जुनंच भांडण पुन्हा उकरून निघालं. मी विचारलं नाही. मग तू नंबर बदललास. चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात तुझा नवरा भेटला. आम्हाला सगळं माहीत आहे असं धरून तो बोलला. पाचवा महिना होता, बाळ गेलं, तू दवाखान्यातून आईला फोन केलास, आणि आई म्हणाली, ‘बरं झालं गं, फार छान झालं.’  तोवर मला आईच्या कानांचं कळलं होतं. काय घडलं असेल ते पूर्ण माहीत असलेला सगळ्या जगात मी एकटाच माणूस होतो. आणि मी गप्प राहिलो. त्यालाही काही बोललो नाही. तुला सांगायचं तर आईची लपवाछपवी उघडी पडणार होती, आईला सांगायचं तर आपण लेकीला काय म्हणालो हे तिला कळणार होतं. आज सांगू, उद्या सांगू करत चार वर्षं गेली. मी त्याला सांभाळून घेणं म्हणत होतो. ती भित्रेपणाची सोय होती.

त्या शनिवारी मात्र पळायला जागा नव्हती. मी लिहायला सुरुवात केली. ‘तिचं’ लिहिलं. मग ‘बा’ लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. ‘तिची तब्येत’ असं काहीतरी सुरू केलं, तेही खोडलं. आतून अक्षरं आली: ‘खोडू नकोस. मला दिसतंय.’ मग मी लिहिलं. बाळ गेलं, हे सांगायला तू फोन केला होतास, आणि आई काय म्हणाली, तेही. एकेक अक्षर तिच्यासमोर उमटत होतं आणि मी मध्ये थांबू शकत नव्हतो.

 आत गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, दारात उभी राहिली आणि यंत्राशिवाय, तोंडाने मला विचारलं, ‘मुलगा होता की मुलगी?’ मला माहीत नव्हतं. मग म्हणाली, ‘तुला कधीपासून माहीत होतं?’ ते माहीत होतं. मी चार बोटं दाखवली. ती नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही, तोंडाने नाही की अक्षराने नाही. वहिनीमार्फत जेवायला बोलावत होती. दहाव्या दिवशी माझ्यासमोर यंत्र ठेवून म्हणाली, धाकटीचं नाव घाल यात. मी आमच्या सर्व्हरवर तुझ्यासाठी एक पत्ता, म्हणजे फोन नंबरासारखाच, तयार केला, तिच्या पडद्यावर तुझ्या नावाचं बटण दिलं, आणि तिला नीट समजावलं की धाकटीने तिच्या बाजूने प्रोग्राम सुरू केल्याशिवाय हा फोन लागणार नाही, तिला यातलं काही ठाऊक नाही. ती हो म्हणाली. मला वाटलं, नाव दिसलं की तिला बरं वाटेल, एवढंच.

गेल्या सोमवारी कानसेनने हाक मारली. न लागलेल्या फोनांची नोंद ती तपासत होती. म्हणाली, कुठेतरी दोष दिसतोय, एकाच ठिकाणाहून रोज एकच फोन जातो, रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आणि रोज एकच उत्तर येतं की ही व्यक्ती उपलब्ध नाही. मी यादी बघितली. आईच्या पत्त्यावरून तुझ्या पत्त्यावर. एकेचाळीस दिवस, एकही चुकलेला नाही. मी तिला म्हणालो, दोष नाही, आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. घरी आल्यावर आईला काही विचारलं नाही, आणि हे पत्र लिहितोय हेही तिला ठाऊक नाही. सोबतच्या चिठ्ठीवर तुझा तो सर्व्हरवरचा पत्ता आणि परवलीचा शब्द लिहिला आहे. आमचाच प्रोग्राम घ्यायला हवा असं नाही, हीच भाषा आणि तिच्यातली ही अक्षरांची सोय पाळणारा कुठलाही चालेल, माझ्याशी तर एक शब्दही बोलायची गरज नाही. माझ्यावर रागवायचा तुला हक्क आहे, तो ठेव. पण ती म्हणाली ते तुला नव्हतं म्हणाली, धाकटे. तुझा आवाज आला याला म्हणाली होती. चष्मा लावूनही तिची बोटं चुकतात, ती खोडते, पुन्हा लिहिते, मध्येच बराच वेळ काहीच येत नाही. उचललास तर ठेवू नकोस. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांब.

तुझाच, चार वर्षं उशिरा बोलणारा,
दादा